डिकीतली हलती फळी : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात मी डिकीतल्या साउंड सिस्टिमवर बसवलेलं, बटण दाबलं की वर उचललं जाणारं झाकण दाखवलं आणि पत्रांचा ढीग पडला. निम्मी पत्रं 'कुठली मोटर घेऊ' एवढंच विचारतात. मोटर सगळ्यात शेवटी घ्यायची असते. आधी बिजागरी, मग वजन, मग ते वजन पेलणारा कोन, आणि मग मोटर. कोल्हापुरात उद्यमनगरात लेथ आणि वेल्डिंगवाल्यांच्या शेजारात काम करतो, त्यामुळे माझा कल लोखंडाकडे जास्त आहे, हे गृहीत धरून वाचा.

प्रश्न (सांगली) : काका, माझ्या सेडानच्या डिकीत १८ मिमी एमडीएफचं (लाकडाचा लगदा दाबून केलेल्या फळीचं) झाकण केलंय, ९० बाय ५० सेंटिमीटर. बिजागरी मागच्या सीटच्या बाजूला आहे. झाकणाच्या खालच्या अंगाला दोन ॲम्प (ॲम्प्लिफायर) बसवलेत. सगळं मिळून वजन १४ किलो भरलं. १०० मिमी स्ट्रोकचा (दांडा तेवढा बाहेर येणारा), हजार न्यूटनचा ॲक्च्युएटर आहे, म्हणजे मोटरने दांडा पुढे-मागे सरकवणारं यंत्र. झाकण अर्धं उघडं असेल तर तिथून पुढे आरामात जातं. पण पूर्ण बंद असताना बटण दाबलं की नुसतं कण्हतं आणि फ्यूज उडतो. दुकानदार म्हणतो तीन हजार न्यूटनचा घ्या. घेऊ का?

नका घेऊ. तुम्ही फोटोबरोबर मापंही पाठवलीत, म्हणून नेमकं सांगता येतंय.

१४ किलोचा मध्य बिजागरीपासून २५ सेंटिमीटरवर. १४ गुणिले २५, म्हणजे ३५० किलो-सेंटिमीटर एवढा जोर झाकणाला खाली ओढतोय. ॲक्च्युएटरचा दांडा तुम्ही बिजागरीपासून २० सेंटिमीटरवर धरलाय आणि त्यामुळे बक्कळ तरफ मिळाली असं तुम्हाला वाटतंय. पण २० हा आकडा इथे कामाचा नाही. ॲक्च्युएटर ज्या रेषेत ढकलतो त्या रेषेला गुण्या (सुताराचा काटकोन) लावा आणि बिजागरीच्या पिनेपर्यंतचं सरळ अंतर मोजा. ते अंतर कामाचं. तुमचा ॲक्च्युएटर डिकीच्या तळाशी लोळलाय, त्याचं दुसरं टोक झाकणाच्या जेमतेम ३ सेंटिमीटर खाली आहे. त्यामुळे गुण्याने मोजलेलं अंतरही ३ सेंटिमीटरच भरतं. ३५० भागिले ३, म्हणजे ११७ किलो. हजार न्यूटन म्हणजे १०२ किलो. तो बिचारा कण्हणारच.

आता हेच झाकण ४० अंशांवर उघडं असताना बघा. कलल्यामुळे वजनाचा जोर ३५० वरून २६८ वर येतो आणि गुण्याचं अंतर ३ वरून १९ सेंटिमीटर होतं. लागणारी ताकद, १४ किलो. बंद असताना ११७ आणि उघडं असताना १४! दुकानदाराला हे दिसत नाही, कारण तो फक्त वजन विचारतो.

तीन हजार न्यूटनचा लावला तर झाकण उचललं जाईल, मी नाही म्हणत नाही. पण तो एकशे सतरा किलोचा दाब प्रत्येक वेळी बिजागरीवर आडवा बसणार, आणि बिजागरीचे स्क्रू तुम्ही एमडीएफच्या कडेत मारलेत. एमडीएफची कड स्क्रू धरत नाही, ती पापुद्र्यासारखी उकलते. शिवाय त्याच आकाराच्या मोटरमध्ये ताकद वाढवली की वेग मरतो. दहा सेंटिमीटरला वीस-पंचवीस सेकंद लागायला लागले की मित्रमंडळी मोबाइल बघायला लागतात.

उपाय फुकटचा आहे. ॲक्च्युएटरचं खालचं टोक आणखी खाली न्या. स्टेपनीच्या खड्ड्याच्या कडेला एल-अँगलचा ब्रॅकेट उतरवला तर झाकणापासून ८ सेंटिमीटर खोली सहज मिळते. गुण्याचं अंतर ८ झालं की ३५० भागिले ८, म्हणजे ४४ किलो. तुमचाच हजार न्यूटनचा ॲक्च्युएटर दुपटीहून जास्त ताकदीचा ठरतो. आणि दुप्पट ताकद हाताशी हवीच. घाटात गाडी चढावर उभी असते, बिजागरी धूळ खाते, थंडीत ग्रीस घट्ट होतं. तोटा एवढाच, की १०० मिमीच्या स्ट्रोकमध्ये झाकण ४० ऐवजी ३७ अंशांच्या आसपास थांबेल. कुणाच्या लक्षातही येणार नाही.

आणि एक विचारू का? ॲम्प झाकणाला लटकवायचं कारण काय? जाड पॉवर केबल रोज वाकणार, ॲम्पचे कूलिंग फिन उलटे होणार, वजन दुप्पट होणार. ॲम्प खाली पक्के बसवा आणि वर नुसतं झाकण हलू द्या. मग झाकण साडेसहा किलोचं राहतं आणि लागणारी ताकद २० किलोवर येते. ॲम्पच्या बाजूला दोन पंखे मात्र द्या, एक हवा आत घेणारा, एक बाहेर टाकणारा. झाकणाखाली उन्हाळ्यात ॲम्प भाजून निघतो आणि थर्मल प्रोटेक्शनमध्ये जाऊन गप्प बसतो. मग लोक वायरिंगला दोष देतात.

प्रश्न (नाशिक) : सर, मी मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. एका बटणाने वर, दुसऱ्याने खाली, यासाठी आर्डुइनो (प्रोग्राम करता येणारं छोटं सर्किट बोर्ड) वापरू का? आणि टोकाला मोटर थांबवायची कशी?

ताई, आर्डुइनो वापरायचा तर वापरा, शिकण्यासाठी उत्तम आहे. पण गिऱ्हाइकाच्या गाडीत मी दोन साधे पाच पिनांचे रिलेच लावतो, म्हणजे बटणाच्या छोट्या करंटने मोटरचा मोठा करंट जोडणारे स्विच. दहा वर्षांनी बिघडलं तरी कुठल्याही गावचा ऑटो इलेक्ट्रिशियन ते बदलू शकतो.

दोन्ही रिलेंच्या ३० नंबरच्या पिना मोटरच्या दोन वायरींना. दोन्ही ८७ नंबरच्या पिना फ्यूजमधून आलेल्या बारा व्होल्टला. दोन्ही ८७ए बॉडी अर्थला. आता काहीच दाबलेलं नसताना मोटरच्या दोन्ही वायरी अर्थला जातात, म्हणजे मोटर स्वतःवरच शॉर्ट होते आणि बटण सोडताच जागच्या जागी थबकते. पुढे सरकत बसत नाही. एक रिले ओढला की मोटर एकीकडे, दुसरा ओढला की उलट. चुकून दोन्ही बटणं एकदम दाबली तर दोन्ही वायरींवर बारा व्होल्ट, मोटर हलत नाही, काही जळतही नाही. ही जोडणी मला याचसाठी आवडते.

आता टोकाला थांबवणं. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक ॲक्च्युएटरमध्ये लिमिट स्विच, म्हणजे टोकाला मोटर बंद करणारा स्विच, आतच असतो. पण तो दांड्याच्या टोकाला चालतो, तुमच्या झाकणाच्या नाही. झाकण आधी अडलं तर मोटर ढकलतच राहील. म्हणून बाहेरून मायक्रोस्विच हवेत. नवशिके ते मोटरच्या वायरीत टाकतात. मग त्यातून मोटरचा सगळा करंट जातो, स्विच करपतो, आणि उलटं येता यावं म्हणून त्याला समांतर मोठा डायोडही (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा) जोडावा लागतो. त्याऐवजी रिलेच्या कॉइलच्या (रिले ओढणाऱ्या तारेच्या गुंडाळीच्या) वायरीत टाका. तिथे दीड-दोनशे मिलिअँपिअरच असतात. वरचा स्विच 'वर' नेणाऱ्या रिलेच्या कॉइलमध्ये, खालचा 'खाली' नेणाऱ्याच्या, दोन्ही नॉर्मली क्लोज्ड, म्हणजे दाबलेले नसताना जोडलेले. झाकण टोकाला गेलं की तो रिले सुटतो, दुसरा मोकळाच असतो. मोठ्या डायोडची भानगड संपली. प्रत्येक कॉइलवर फक्त एक छोटा १एन४००७ डायोड उलटा लावा, पट्टीची बाजू प्लसकडे. नाहीतर बटणांच्या काँटॅक्टवर ठिणग्या पडत राहतात.

फ्यूज मोटरला नव्हे, वायरीला वाचवतो हे पुस्तकात वाचलं असेलच. बॅटरीपासून फूट-दीड फुटाच्या आत बसवा, डिकीत नको. आणि बॅटरी पुढे, मोटर मागे असेल तर वायर अडीच स्क्वेअर एमएमची घ्या. पाच मीटर जाणं आणि पाच मीटर येणं, दहा अँपिअरला साधारण पाऊण व्होल्ट त्यातच जातो. दीड स्क्वेअरमध्ये हाच आकडा सव्वाच्या पुढे जातो आणि इंजिन बंद असताना झाकण रेंगाळतं.

हे प्रश्नात नव्हतं, तरी सांगतो. डिकीचं दार बंद असताना हे झाकण वर येता कामा नये. डिकीच्या दिव्याचा स्विच शोधा, तो प्लस तोडतो की अर्थ ते टेस्ट लॅम्पने पाहा आणि दोन्ही कॉइलचा पुरवठा त्यावरून घ्या. दार उघडं असेल तरच बटण जिवंत.

प्रश्न (पुणे) : जुन्या बाजारातून पॉवर विंडोची मोटर स्वस्तात मिळाली. ॲम्पचं रॅक ड्रॉवरसारखं बाहेर सरकवायचंय. चालेल?

चालेल, आणि या कामाला ती ॲक्च्युएटरपेक्षा बरी. आतल्या वर्म गिअरमुळे मोटर बंद असताना रॅक ढकलून हलत नाही, गाडीने ब्रेक मारला तरी. नुसती मोटर घेऊ नका, केबलवाली अख्खी काचेची मशीन घ्या, पट्टीसकट. काच धरायचा जो ठोकळा पट्टीवर वर-खाली जातो तो रॅकला धरायचा आणि पट्टी आडवी बसवायची. तयार सरकता गाडा मिळतो. डाव्या आणि उजव्या दाराच्या मशीन एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा असतात, जोडी घ्यायची तर एकाच बाजूच्या दोन शोधा.

या मोटरला लिमिट स्विच नसतो. अडली की वीस अँपिअरच्या वर ओढते आणि आतला थर्मल कटआउट तापून सुटतो. तो शेवटचा आसरा आहे, रोज वापरायची सोय नाही. नाशिकच्या ताईंना सांगितलेले मायक्रोस्विच इथेही लावा.

रॅक सरकायला ड्रॉवरच्या चॅनेल घेताना ४५ किलो लिहिलेलं बघून खूश होऊ नका. तो आकडा जोडीचा असतो, आणि चॅनेल उभ्या, दोन बाजूंना लावल्या असतील तर. रॅकच्या खाली आडव्या पाडून लावल्या की त्या भाराचा मोठा हिस्सा गेला असं समजा. आतल्या बेअरिंगच्या गोळ्या बाहेर येतात.

प्रश्न (रत्नागिरी) : झाकण छान चालतं, पण बास वाजला की कुठेतरी 'खर्रर्र' वाजतं. पावसाळ्यात तर झाकण अडकतंही.

दोन वेगळे आजार आहेत. अडकतं ते एमडीएफमुळे. कोकणातल्या हवेत कच्ची कड पाणी पिते आणि फुगते. पुढचं झाकण १२ मिमी मरीन प्लायचं करा, आयएस ७१० छाप बघून. वजनही निम्म्याच्या जवळ येतं. तोवर आहे त्या झाकणाची कड घासा, सँडिंग सीलरचे दोन हात द्या, मग रेक्झिन. फट ठेवताना रेक्झिन दोन्ही बाजूंना गुंडाळलेलं असतं हे सुतार विसरतात. एक मिमीचं रेक्झिन आणि खाली फोम असेल तर लाकडाला लाकडापासून पाच-सहा मिमी लांब ठेवा, तेव्हा कुठे डोळ्याला दोन मिमीची सुबक फट दिसते.

खरखर शोधायला मोबाइलवर टोन जनरेटरचं ॲप घ्या. २० हर्ट्झपासून हळूहळू १२० पर्यंत चढवा. एका ठरावीक जागी आवाज सुरू होईल, तिथे सूर धरून ठेवा आणि डिकीत हात फिरवा. झाकण दाबल्यावर थांबला तर झाकण टेकत नाही. ॲक्च्युएटर मुठीत धरल्यावर थांबला तर त्याची पिन ढिली आहे. माझ्या अनुभवात पिनच जास्त वेळा सापडते. सहाचा बोल्ट साडेसहाच्या भोकात खुळखुळतो. लेथवाल्याकडून नायलॉनचं बुश (भोकात घट्ट बसणारी नळी) करून घ्या, काम पाच मिनिटांचं. झाकण टेकत नसेल तर खाली दाराचं रबर बीडिंग लावा आणि खालचा मायक्रोस्विच एक-दोन मिमी खाली सरकवा, म्हणजे ॲक्च्युएटर झाकणाला रबरावर दाबून मगच थांबेल. पण हे करण्याआधी पुढचं उत्तर वाचा.

झाकणात लाइटच्या वायरी असतील तर त्याही वाजतात. त्या बिजागरीच्या आडव्या नेऊ नका. बिजागरीच्या पिनेला समांतर वीतभर नेऊन मग वर घ्या. झाकण उघडताना वायर तिथे मोडत नाही, नुसती पिळली जाते, आणि वर्षानुवर्षं टिकते.

प्रश्न (कुडाळ) : घरात पाच वर्षांची मुलगी आहे. बोट सापडलं तर?

हा प्रश्न पहिल्या पानावर यायला हवा होता.

एकदा दाबलं की आपोआप बंद होणारं सर्किट लावू नका. दाबून धरलं तरच चालणारं बटण, बोट काढलं की जागीच थांबणार. रिमोटने लांबून बंद करण्याचा हट्ट तर अजिबात नको. नव्वदच्या दशकात अमेरिकेत आयएएससीए या कार-ऑडिओ संस्थेच्या स्पर्धांत आवाजाबरोबर बसवणुकीलाही गुण असत, आणि रिमोटवर उघडणारी पॅनेलं तिथे मिरवायची. ती प्रदर्शनातली गाडी झाली. तुमच्या डिकीत भाजीची पिशवी जाते आणि पिशवीमागून मुलगी येते.

ताकदीचा अंदाज घ्या. गाड्यांच्या आपोआप वर जाणाऱ्या काचेसाठी अमेरिकेच्या एफएमव्हीएसएस ११८ नियमात मर्यादा १०० न्यूटनची, म्हणजे सुमारे १० किलोची आहे. त्याआधी काचेने मागे फिरायचं. सांगलीकरांचा हजार न्यूटनचा ॲक्च्युएटर, गुण्याचं अंतर ८ सेंटिमीटर केल्यावर, झाकण खाली ओढताना पुढच्या कडेला १६ किलोचा दाब देतो, वर झाकणाचं वजन वेगळं. आणि बिजागरीकडे जावं तसा हा दाब कित्येक पट होतो.

माझी पद्धत अशी. दांड्याच्या टोकाला गोल भोकाऐवजी २० मिमीचं लांबट भोक करायचं. उचलताना दांडा भोकाच्या टोकाला टेकून झाकण वर नेतो. खाली येताना झाकण फक्त स्वतःच्या वजनाने दांड्यावर टेकून उतरतं. मध्ये बोट आलं तर झाकण बोटावर थांबतं आणि दांडा मोकळ्या भोकातून एकटाच खाली जातो. बोटावर येतं ते कडेचं तीन-सव्वातीन किलो वजन. दुखेल, पण मोडणार नाही. मात्र खालचा मायक्रोस्विच असा लावा, की थांबताना भोकात अजून चार-पाच मिमी मोकळीक शिल्लक असेल.

यात रत्नागिरीकरांना सांगितलेलं 'दाबून बंद करणं' जमत नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. तिथे कपाटाच्या दाराची चुंबकं चार कोपऱ्यांत लावायची. खरखर थोडी उरली तर उरू द्या. बिजागरीच्या बाजूच्या फटीवर मात्र रबराची पट्टी हवीच, बोट आत जाताच कामा नये.

प्रश्न (ठाणे) : गाडीला सीएनजी आहे. टाकी झाकायला असंच पॅनेल करता येईल का?

मी करत नाही. ब्रश असलेली मोटर आणि रिले दोन्ही ठिणगी पाडतात, आणि टाकीचा व्हॉल्व्ह बंद कप्प्यात कोंडणं हे त्याहून वाईट. व्हॉल्व्हपर्यंत हात ताबडतोब पोचला पाहिजे, आणि टाकी तपासणीसाठी काढावीही लागते. पातळ जाळीचं, हाताने उचलायचं झाकण करा. साउंडचा हट्ट असेल तर सबवूफर पुढच्या सीटखाली न्या.

प्रश्न (सोलापूर) : मागची सीट काढून सगळा भाग साउंडला दिला तर आरटीओ अडवेल का?

अडवू शकेल. नोंदणी पुस्तकात आसनक्षमता लिहिलेली असते आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं, की तिथल्या नोंदींशी विसंगत बदल करायचा नाही. डिकीतलं झाकण या नोंदीत येत नाही, सीट येते. सीट ठेवा.

प्रश्न (सातारा) : बॅटरी उतरली तर झाकण उघडायचं कसं? स्टेपनी त्याच्याच खाली आहे.

शाबास. हा प्रश्न विचारणारे तुम्ही एकटेच निघालात. स्क्रूवाला ॲक्च्युएटर बाहेरून ढकलून हलत नाही, मग रात्री पंक्चर आणि बॅटरी बसलेली असेल तर झाकण फोडायचं का?

ॲक्च्युएटरच्या खालच्या टोकाला बोल्ट लावू नका, सरकती पिन लावा, डोक्याला स्प्रिंग असलेली. तिला मोटारसायकलच्या क्लचची केबल जोडा आणि केबलचं टोक मागच्या सीटच्या पाठीमागे, हाताला लागेल पण दिसणार नाही असं आणा. ओढलं की पिन निघते, झाकण ॲक्च्युएटरसकट हाताने उचलायचं. तोंडाला उतार देऊन पिन परत बसणारी करा, म्हणजे झाकण खाली दाबलं की ती आपली आपण अडकते. जॅक आणि पाना मात्र झाकणाखाली ठेवू नका, त्यांची जागा डिकीच्या बाजूच्या खणात. आणि दर दिवाळीला गाडी धुताना ती केबल एकदा ओढून बघा, क्लचच्या केबलसारखीच तीही गंजते. तेलाचे दोन थेंब सोडले की झालं.